थंडीची बेगमी

हिवाळ्याची आधीपासून तयारी करावी लागते, हे कोकणपट्टीतील वाचकांस थोडे नवलाचे वाटण्याचा संभव आहे. माझा जन्म वसईचा. तिकडे थंडी म्हणजे पहाटे पायथ्याची चादर अंगावर ओढून घेणे आणि विहिरीच्या पाण्यावर तरंगणारी वाफ पाहणे. तिच्यासाठी कोणी पैसा बाजूला टाकीत नाही. बेगमी करावयाची ती पावसाळ्याची. वैशाखात कौले चाळावयाची, लाकूडफाटा पडवीत रचावयाचा, सुकी मासळी, पापड, मसाले भरून ठेवावयाचे, आणि मृगाचा पहिला थेंब पडला म्हणजे घरधनिणीने निश्चिंत मनाने पावसाकडे पाहावयाचे, हा क्रम मी लहानपणी दरवर्षी पाहिला. पुढे नेमणूक ग्वाल्हेरीस झाली आणि ध्यानात आले, की आमच्या आया पावसाळ्याला जो मान देत, तोच मान येथे हिवाळ्याला दिला पाहिजे. तो क्वचितच दिला जातो. उन्हाळ्याच्या तोंडी कूलरची व्यवस्था न विसरता होते. हिवाळा मात्र डिसेंबरात दात वाजू लागले म्हणजे आठवतो, आणि मग घाईघाईने जे विकत घेतले जाते ते महाग तर असतेच, पण बहुधा निरुपयोगीही असते.

येथील थंडी कशी असते ते थोडक्यात सांगतो. २ नोव्हेंबरला मृतात्म्यांच्या स्मरणार्थ दफनभूमीत गेलेली मंडळी संध्याकाळी परततात, तेव्हा वृद्धांच्या खांद्यावर शाल आलेली असते. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या वातावरणातील विक्षोभामुळे आभाळ भरते, थोडा पाऊस पडतो (त्याला इकडे मावठा म्हणतात), आणि आभाळ निवळले की वायव्येचे कोरडे, बोचरे वारे सुटतात. मैदानी प्रदेशात रात्रीचे किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली येऊन नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अगर अधिक घटले, अथवा ते सरळ ४ अंशांपर्यंत उतरले, म्हणजे हवामान खाते शीतलहर आल्याचे जाहीर करते. यांपैकी दुसरा प्रकार ग्वाल्हेरीस अपूर्वाईचा नाही. त्यात घरे दगडी. लष्कर या नावातच छावणी आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ येथे पडला, आणि त्याच्या आश्रयाने स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी वाडे बांधले ते येथल्याच वालुकाश्माचे. कित्येक जुन्या घरांच्या छपरालाही दगडाच्या लांब पट्ट्याच आहेत. निरभ्र रात्री हे छप्पर आपली सारी ऊब आभाळाला देऊन टाकते, आणि पहाटे चारच्या सुमारास खोलीतील माणसाला वाटते, की आपण घरात नसून विहिरीच्या तळाशी निजलो आहोत.

धडधाकट माणसाला हे सोसते. घरात ऐंशीच्या पुढची सासू आणि चार महिन्यांचे तान्हे मूल असले म्हणजे हिवाळा हा सोसण्याचा विषय राहत नाही. म्हाताऱ्या देहाला थंडीची जाणीवच उशिरा होते, हातपाय गार पडलेले असतात आणि आजी म्हणत असतात, “मला काही थंडी वाजत नाही.” थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, आणि हृदयाचा विकार असलेल्यांस पहाटेची वेळ कठीण जाते. तान्ह्याचे तर अंग लहान, डोके मोठे. त्याची ऊब भराभर निघून जाते.

अशाच एका घराची हकीकत सांगतो. आमच्या धर्मग्रामात शिवणकाम करून संसार चालविणाऱ्या एक विधवा भगिनी आहेत. घरी वृद्ध सासूबाई, आणि मुलगी बाळंतपणाला येऊन राहिलेली. दसऱ्याच्या आसपास त्यांनी मला विचारले, “फादर, तीन हजार रुपये साठवले आहेत. विजेचा हीटर घेऊ का? कमी पडतील ते हप्त्याने देईन म्हणते.” मी म्हटले, “ताई, घ्यायचा की नाही ते तुम्हीच ठरवा. पण आधी हिशेब मांडून पाहू.” शिवणाच्या वहीतल्या कोऱ्या पानावर आम्ही तो मांडला.

एक हजार वॅटचा हीटर तासाला एक युनिट वीज खातो. रात्री सहा तास तो जळला तर सहा युनिटे, महिन्याला एकशे ऐंशी; आणि वापर वाढला की दरही वरच्या पायरीचा लागतो. इतके करून तो तापवितो काय, तर उंच छताच्या खोलीतील हवा, जी दाराच्या फटीतून सारखी निघून जात असते. उलटपक्षी, शेकाच्या पिशवीत मावणारे दोन लिटर पाणी १५ अंशांपासून ६५ अंशांपर्यंत तापविण्यास एका युनिटाचा सुमारे आठवा हिस्सा पुरतो. निजण्यापूर्वी अर्धा तास ती पिशवी अंथरुणात ठेवली, तर अंथरूण जे ऊबदार होते ते चांगल्या रजईखाली रात्रभर तसेच राहते. कारण झोपलेल्या प्रौढ माणसाच्या देहातूनही सत्तर-ऐंशी वॅटची उष्णता सतत बाहेर पडत असते. म्हणजे घरातील प्रत्येक माणूस ही एक लहानशी शेगडीच आहे, आणि तिला जळण विकत आणावे लागत नाही. प्रश्न उरतो तो ही ऊब धरून ठेवण्याचा. म्हणून पैसा थोडा असेल तेव्हा तो ऊब निर्माण करणाऱ्या वस्तूवर शेवटी खर्चावा, आणि ऊब राखणाऱ्या वस्तूवर आधी.

त्यांत पहिला मान अंथरुणाचा. रजईतील कापूस स्वतः गरम नसतो. त्याच्या तंतूंत अडकलेली हवा ऊब धरते. दोन-तीन हिवाळे वापरून कापसाच्या गुठळ्या झाल्या, की मधल्या जागा रिकाम्या पडतात आणि माणूस म्हणतो, “रजई जुनी झाली, नवी घेऊ.” रजई जुनी झालेली नसते, कापूस पिंजावयास झालेला असतो. पूर्वी पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीत ऐकू येई. आता हे काम बहुतेक यंत्रावर होते, पण होते. जुना कापूस पिंजून, त्यात थोडी नवी भर घालून, पुन्हा टाके घालून घेतलेली रजई नवीइतकीच काम देते आणि खर्च बराच वाचतो. मात्र हे दसऱ्याच्या आत करावे. दिवाळीनंतर पिंजाऱ्याकडे रांग लागते, आणि घाईत घातलेले टाके इतके विरळ असतात की जानेवारीपर्यंत सारा कापूस एका कोपऱ्यात जमतो. रजई धुता येत नाही, तेव्हा जुन्या लुगड्याची खोळ शिवावी आणि ती धूत जावी. रजया रोज दुपारच्या उन्हात टाकाव्यात व चार वाजण्याच्या आत घड्या घालून घरात आणाव्यात. संध्याकाळची ओल कापूस हां हां म्हणता शोषून घेतो, आणि दमट रजई कितीही जाड असली तरी गारच लागते.

अंगावर काय घ्यावे याचा विचार सर्वजण करतात. अंगाखाली काय आहे हे फारसे कोणी पाहत नाही. निजलेल्या माणसाच्या भाराने गादी दबते, तिच्यातील हवा निघून जाते, आणि दगडी फरशीचा गारठा सरळ पाठीत शिरतो. दरवर्षी जानेवारीत गरिबांना ब्लँकेटे वाटण्याचे समारंभ होतात, छायाचित्रे निघतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. पण मी अशी घरे पाहिली आहेत, की जेथे तीन वर्षांत मिळालेली तीन विरळ ब्लँकेटे आहेत आणि अंथरावयास एक फाटकी सतरंजी आहे. अशा घरी चौथे ब्लँकेट देण्यापेक्षा भाताच्या पेंढ्याचा भारा दिलेला बरा. डबऱ्याकडे भात पिकतो, तेव्हा पेंढा मिळणे कठीण नाही. गोणपाटाच्या पोत्यात तो भरून, तोंड शिवून, त्यावर गादी घातली तर फरशीचा गारवा वर येत नाही. आठ-दहा दिवसांनी पोते उन्हात टाकावे. ज्यांना पेंढा आणणे जमत नाही, त्यांनी गादीखाली रद्दी वर्तमानपत्रांचा बोटभर जाड थर घालावा. एवढ्यानेही पाठीला कळण्याइतका फरक पडतो.

मग दारे-खिडक्या. दाराखालच्या फटीसाठी जुन्या पाटलोणीचा पाय कापून, त्यात वाळू भरून, दोन्ही तोंडे शिवून टाकली की काम होते. आमच्या त्या ताईंच्या घरी कापडाच्या चिंध्यांना तोटा नाही; त्यांनी खिडक्यांच्या चौकटींना चिंध्यांच्या पट्ट्या लावल्या आणि जुन्या साड्या जोडून निजण्याच्या खोलीत छताखाली चांदवा ताणला. जुन्या वाड्यांतून असे कापडी छत असे. लोक समजतात की ते शोभेसाठी होते. त्याच्या वर अडकलेली हवा दगडाचा गारठा खाली येऊ देत नाही. दक्षिणेची खिडकी मात्र दिवसा उघडीच हवी. डिसेंबरच्या अखेरीस ग्वाल्हेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून केवळ चाळीस अंश वर असतो, त्यामुळे त्याचे तिरपे ऊन खोलीत सात-आठ फूट आत येते. सकाळी दहापासून तीन-साडेतीनपर्यंत ते घ्यावे, आणि ऊन जाताच खिडकी लावावी. हे ऊन फुकट आहे म्हणूनच की काय, आपण त्याच्यासमोर जाड पडदे लावून ठेवतो.

परंतु घर बंद करण्याला एक मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्याने माणसांचे संसार क्षणात उद्ध्वस्त होतात. हे जरा सविस्तर लिहितो.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत सकाळी सातच्या सुमारास एका घरी गेलो होतो. आजारी वडिलांना कम्युनियन द्यावयाचे होते. दार बराच वेळ उघडेना. अखेर थोरला मुलगा आला तो भिंतीचा आधार घेत. आत आईचे डोके दुखत होते, धाकटीला दोनदा ओकारी झाली होती, वडील हाका मारल्या तरी नीट जागे होत नव्हते. आई म्हणाली, “फादर, सगळ्यांना एकदमच थंडी बाधली बघा.” एकाच रात्री, एकाच खोलीत, सर्वांचे एकदम डोके दुखावे ही थंडीची रीत नव्हे. खाटेखाली कोळशाची शेगडी होती, राखेत अजून लाल. आम्ही दारे-खिडक्या सताड उघडल्या, सर्वांना अंगणात आणले, आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून रुग्णालयात नेले. तेथे प्राणवायू देण्यात आला. चौघेही वाचले. वडिलांना पुढे कित्येक आठवडे गोष्टी आठवत नसत.

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. लोकांचा समज असा, की धूर निघून गेला, निखारे लाल झाले, म्हणजे शेगडी आत घेण्यास हरकत नाही. धुराने निदान खोकला तरी येऊन माणूस जागा होतो. निखाऱ्यांपाशी तेवढीही सूचना मिळत नाही. प्रथम डोके जड होते, मळमळते, मग गुंगी येते, आणि ती गुंगी ऊबेची सुखद झोप वाटते. उत्तरेकडे दर हिवाळ्यात अशा बंद खोल्यांतून संपूर्ण कुटुंबे मृत सापडल्याच्या बातम्या येतात. म्हणून शेगडीवर हात शेकावयाचे ते अंगणात किंवा उघड्या पडवीत. निजण्यापूर्वी ती विझवून बाहेर ठेवावी. रात्री चुली-शेगडीची, गॅसची, कसलीही आग निजण्याच्या खोलीत नको. न्हाणीघरात बसविलेल्या गॅसच्या गिझरचाही हाच धोका आहे. तो न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. आणि फटी कितीही बुजविल्या तरी वरचा एक झरोका उघडा राहिलाच पाहिजे. त्यातून थोडी ऊब जाईल; जाऊ द्यावी.

विजेचा रॉड बादलीत घालून पाणी तापविणाऱ्यांना एक सूचना. पंधरा लिटरची बादली अंघोळीपुरती ऊन करण्यास जेमतेम अर्धे युनिट लागते, तेव्हा हा प्रकार स्वस्त खरा. पण बटण बंद करून रॉड काढल्याखेरीज पाण्यात बोट घालू नये, आणि लोखंडी बादली तर वापरूच नये. मुले आसपास असता तो लावू नये.

कपड्यांविषयी बायकांना मी काय शिकविणार? एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ थर बरे, कारण मधल्या हवेचीही ऊब मिळते, एवढेच म्हणेन. आणि आतला थर सुती व कोरडा असावा. येथे हिवाळ्यात तिबेटी लोक लोकरी कपड्यांची दुकाने मांडतात. १९५९ नंतर आपला देश सोडून आलेल्या या मंडळींच्या मालापैकी बराचसा लुधियान्याचा असतो. माल बरा असतो, पण लेबलावरील ‘लोकर’ पुष्कळदा ॲक्रिलिक असते, हे ध्यानात ठेवून भाव करावा. कित्येक जण १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्याची वाट पाहतात. तेथे काहीसे स्वस्त मिळते हे खरे; पण मेळा रंगात येतो तोवर अर्धी थंडी संपलेली असते. जुने लोकरी स्वेटर उसवून, लडी करून, वाफेवर सरळ करून पुन्हा विणण्याची जुन्या बायकांची रीत आता मागे पडली आहे. एका मोठ्या स्वेटरातून तान्ह्याची टोपी, मोजे आणि आजींचा गुडघा झाकण्याची पट्टी सहज निघते. बेळगावकडील वाचकांना घोंगडीचे महत्त्व सांगावयास नको. दख्खनी मेंढीच्या त्या जाडजूड लोकरीला जी ऊब आहे, ती पानिपतच्या गुळगुळीत ब्लँकेटाला नाही. अंगाला टोचते म्हणून ती रजईच्या वर घालावी. गावाकडून कोणी येणार असेल तर एक मागवून घ्यावी.

तान्ह्या मुलासाठी सर्वांत मोठे साधन विकत मिळत नाही. कोलंबियातील बोगोटा शहरी १९७८ साली एडगर रे या डॉक्टरांनी, उबवणपेट्या अपुऱ्या पडत म्हणून, अपुऱ्या दिवसांची बालके आईच्या उघड्या छातीशी धरून वर कपडा गुंडाळण्याचा उपाय सुरू केला. आज तो जगभर मान्य आहे. मूल आईच्या छातीशी, डोक्यावर टोपी, पायांत मोजे, आणि वर आईचीच शाल, याहून ऊबदार जागा नाही. मात्र आई जागी असेपर्यंतच. निजताना मुलाला मोठ्यांच्या जड रजईखाली घेऊ नये. आणखी एक सावधगिरी. ट्रंकेतील लोकरी कपड्यांत आपण डांबराच्या गोळ्या घालतो. त्यांचा वास असलेले कपडे नवजात मुलाला तसेच घातले, तर काही मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून कावीळ होते. ते कपडे आधी धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकावेत. शेकाची पिशवी मुलाच्या अंगाशी ठेवू नये; आजींच्या पायांशी ठेवावयाची तर फडक्यात गुंडाळून, आणि त्यांना मधुमेह असेल तर नकोच, कारण बधिर पाय भाजला तरी त्यांना कळत नाही.

खाण्याच्या बाबतीत बदाम-पिस्त्यांवाचून काही अडत नाही. बाजरीची भाकरी, मेथी, तीळ, शेंगदाणे आणि गूळ ही गरिबाचीच सामग्री आहे. वृद्ध माणसे थंडीत पाणी पिणे सोडतात, त्यांना कोमट पाणी मागेमागे लागून द्यावे.

नाताळच्या नव्या कपड्यांविषयी लिहिताना मला थोडे अवघड वाटते, कारण वर्षातून एकदा मुलांच्या अंगावर नवे कापड यावे ही कोणत्या आईला हौस नसते? तरी मध्यरात्रीच्या मिस्सेला झालरीच्या पातळ फ्रॉकमध्ये कुडकुडणारी मुलगी दिसली म्हणजे प्रवचनात माझे लक्ष लागत नाही. नवे कापड घ्यावयाचेच तर ते गरम घ्यावे. लहान मुलांना आणि वृद्धांना सकाळच्या मिस्सेला आणावे; त्यात काही उणे नाही.

त्या ताईंनी तीन हजारांत काय केले? तीन रजया पिंजून घेतल्या, त्यांतील सासूबाईंच्या रजईत नवा कापूस घातला. शेकाच्या दोन पिशव्या, टोप्या आणि मोजे घेतले. पेंढ्याची पोती, वाळूच्या नळ्या, चांदवा, खोळी हे सारे घरच्या घरी झाले. काही शे रुपये उरले ते त्यांनी औषधासाठी वेगळे ठेवले. जानेवारीतील शीतलहरीच्या आठवड्यात मी दोनदा जाऊन आलो. पहाट गारच होती, खोटे कशाला सांगू. पण बाळ रात्रभर निजत होते आणि आजी गुडघ्यांविषयी कुरकुर करीत होत्या, जी त्या मे महिन्यातही करतात.

महाशिवरात्रीच्या सुमारास थंडी ओसरू लागली की लगेच सारे गुंडाळून ठेवण्याची घाई करू नये. होळीपर्यंत माणशी एक रजई बाहेर असू द्यावी. मग खोळी धुवाव्यात, रजयांना सलग तीन दिवस ऊन दाखवावे, आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून त्या ट्रंकेत ठेवाव्यात. कोणत्या रजईचा कापूस पुढच्या दसऱ्याला पिंजावयाचा आहे, ते एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्याच ट्रंकेत सर्वांत वर ठेवावी.